तुरटी, चुना आणि दलदलीचं पाणी

नागपूरच्या आसपास आज पीट कुठेच नाही. पीट म्हणजे पाण्याखाली साचलेला, हवा न मिळाल्यामुळे अर्धवट कुजून राहिलेला झाडपाल्याचा थर. तो साचायला बारमाही ओल लागते, आणि आमच्याकडे तर मे महिन्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी याच भागात दलदली होत्या. कामठी, सिल्लेवाडा, सावनेर, उमरेड इथून निघणारा दगडी कोळसा म्हणजे त्या दलदलींत साचलेला झाडपाला. नागपुरात राहणारा पाद्री आणि हौशी भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप याने या भागातल्या दगडांतून पानांचे ठसे गोळा करून विलायतेला पाठवले, आणि १८६१ मध्ये चार्ल्स बनबरी यांनी त्यांचं वर्णन छापलं. हिस्लॉप दोनच वर्षांनी टाकळघाटजवळ नाला ओलांडताना बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि त्याच सिव्हिल लाइन्समध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालयही आहे. थोडक्यात, आमच्या वाट्याचं पीट आम्ही कोराडी-खापरखेड्याला जाळून संपवत आहोत.

जिथे पीटचा अजून कोळसा झालेला नाही, तिथल्या लोकांना त्याचं पाणी प्यावं लागतं. इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि कालिमांतान या भागांत लाखो हेक्टर पीट आहे, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. तिथे घराशेजारी हातभर खड्डा केला की पाणी लागतं. पाण्याचा तुटवडा नाहीच. ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरलं तर कोऱ्या चहासारखं दिसतं: तांबूस आणि आरपार. गढूळ नसल्यामुळे ते निवळत नाही. रात्रभर ठेवा, चार पदरी फडक्यातून गाळा, रंग तोच. चव आंबट, पीएच तीन ते पाचच्या घरात. दाताचं कवच साधारण साडेपाचच्या खालच्या पीएचला झिजायला लागतं, म्हणजे हे पाणी चूळ भरायलाही फारसं बरं नाही. कपडे धुवावेत तर पांढऱ्याचे पिवळे होतात.

हा रंग येतो ह्युमिक आणि फल्विक आम्लांचा. झाडपाला कुजताना उरणारे हे मोठे, आडमुठे रेणू. जिवाणूंना ते सहज पचत नाहीत आणि पाण्यात ते विरघळलेलेच राहतात. नागपुरी वाचकाला ही नावं परकी वाटायचं कारण नाही. विदर्भातल्या कुठल्याही कृषी केंद्रात जा आणि ह्युमिक अ‍ॅसिड मागा. कपाशीला आळवणी करायला किंवा संत्र्याच्या बागेत ड्रिपमधून सोडायला शेतकरी ते नेतात. काळ्या चकचकीत पापुद्र्यांची पुडी मिळते. हा माल बहुतेक वेळा लिग्नाइटसारख्या कच्च्या कोळशातून काढलेला असतो, म्हणजे पुन्हा पीटचाच वंशज. जगभरातल्या प्रयोगशाळा तांबूस पाण्यावर काम करताना असंच विकतचं ह्युमिक आम्ल नळाच्या पाण्यात मिसळून नकली दलदल तयार करतात. तेव्हा कालिमांतानचं पाणी बघायला विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. बादलीभर पाण्यात चिमूटभर पापुद्रे टाकले की काम झालं.

मी ते करून पाहिलं. किराणा दुकानातली तुरटी कुटून दहा ग्रॅम घेतली आणि लिटरभर पाण्यात विरघळवली. या द्रावणाचा एक मिलिलिटर लिटरभर पाण्यात टाकला की दहा मिलिग्रॅमची मात्रा होते. वॉटर वर्क्सवाले हेच करतात, फक्त त्यांच्याकडे ओळीनं फिरणारी पाती असलेलं यंत्र असतं आणि ते त्याला जार टेस्ट म्हणतात. माझ्याकडे लोणच्याच्या काचेच्या बरण्या, औषधाच्या दुकानातली सिरिंज आणि लाकडी डाव होता. पहिल्या बरणीत थोडी मात्रा, दुसरीत जास्त, तिसरीत त्याहून जास्त. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग दहाएक मिनिटं इतकं हळू की पाणी नुसतं फिरत राहावं.

कमी मात्रेच्या बरण्यांत काहीच होत नाही. पाणी तसंच तांबूस, तसंच आरपार. एकीत जरासा धुरकटपणा येतो आणि तिथेच अडतो. आणि तिच्या पुढच्या बरणीत अचानक कणी धरते. आधी रव्याहून बारीक, मग हळूहळू फुगलेले तपकिरी पुंजके. वॉटर वर्क्सच्या भाषेत फ्लॉक. डाव काढून घेतला की ते सावकाश खाली बसायला लागतात आणि वर पारदर्शक, बिनरंगी पाणी उरतं. ज्या रंगावर फडकं आणि रात्र दोन्ही वाया गेली होती, तो तासाभरात तळाला जातो. हे पाणी प्यायचं नाही हे सांगायला नकोच. शेतीचं औषध आहे ते.

घडतं ते असं. ह्युमिक रेणूंवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येऊन खाली बसत नाहीत. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात जाऊन धन भाराची संयुगं बनवतं. ती या रेणूंना पकडतात आणि सगळ्यांचा मिळून न विरघळणारा गठ्ठा होतो. आपल्या रंगाऱ्यांना ही गोष्ट पाठ होती. कापड आधी तुरटीत बुडवायचं म्हणजे रंग पक्का बसतो, कारण अ‍ॅल्युमिनियम एका हातानं धागा धरतं आणि दुसऱ्या हातानं रंग. पाण्यात धागा नसतो, म्हणून रंग अ‍ॅल्युमिनियमसकट तळाला बसतो.

यात एक मेख आहे. मातीनं गढूळ झालेल्या पाण्यात गढूळपणा दुप्पट झाला म्हणून तुरटी दुप्पट लागते असं नाही. पावसाळ्यात आजी तुरटीचा खडा गुंडात चार वेळा फिरवायची, आणि अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी पाणी निवळायचं. ह्युमिक रंगाचा हिशेब मात्र सावकारी आहे. दुप्पट रंगाला दुप्पट तुरटी, एक पैसा कमी चालत नाही. धुरकट होऊन अडलेली माझी बरणी म्हणजे थोडक्यात हुकलेली मात्रा. म्हणून खडा फिरवायची सवय दलदलीच्या पाण्यावर चालत नाही. तिथे मोजून टाकावं लागतं. निवळीच्या बियांचंही तेच. निवळी, संस्कृतातलं कतक, हिचं बी माठाच्या आत घासून पाणी स्वच्छ करायची रीत इतकी जुनी की मनुस्मृतीतही तिचा दाखला आहे: कतकाचं नुसतं नाव घेऊन पाणी निवळत नाही, अशा अर्थाचा. ते बी मातीच्या कणांवर चालतं. विरघळलेल्या रंगापुढे त्याची फारशी मात्रा चालत नाही.

दुसरी मेख जास्त खोल आहे आणि ती आपल्या काळ्या दगडाशी निगडित आहे. तुरटी पाण्यात टाकली की आम्ल तयार होतं. एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाऊन टाकते. नागपूरच्या आसपासच्या विहिरींच्या पाण्यात बेसॉल्टच्या कृपेनं क्षारता भरपूर असते. आपण जड पाणी म्हणून नाकं मुरडतो, भांड्यांवर पांढरे डाग पडतात म्हणून चिडतो, पण त्याच जडपणाच्या जोडीनं येणारी ही क्षारता तुरटीचं आम्ल मुकाट पचवते. दलदलीच्या पाण्यात हा साठाच नसतो. ते आधीच आंबट, त्यात तुरटी पडली की आणखी आंबट, आणि फार आंबट पाण्यात अ‍ॅल्युमिनियम गठ्ठा न करता विरघळूनच राहतं. मग चुना टाकावा लागतो. पण चुनाही बेतानं. ह्युमिक रंग तुरटीनं सगळ्यात चांगला निघतो तो पीएच साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. चुन्याचा हात सैल सुटला की पीएच वर चढतो, तुरटीची पकड ढिली पडते आणि उरलेला रंग पहिल्यापेक्षा गडद दिसायला लागतो. अलीकडे गेलात तर आंबट, पलीकडे गेलात तर काळपट.

हे गणित इंडोनेशियातल्या पाण्याचं असलं तरी तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर या त्रिकुटाला घरच्या बादलीत आणायचं काम आपल्या गावात झालेलं आहे, आणि साठच्या दशकातच सुरू झालेलं आहे.

नेहरू मार्गावर नीरी आहे. १९५८ मध्ये ती सेंट्रल पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली. १९७४ मध्ये तिचं नाव बदलून नॅशनल एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट झालं आणि नागपूरकरांच्या तोंडी नीरी रुळलं. आज नीरी म्हटलं की लोकांना हवेचं प्रदूषण आणि हरित फटाके आठवतात, पण मूळ काम पाण्याचं आणि सांडपाण्याचं. तिथल्या संशोधकांपुढे तेव्हा प्रश्न होता फ्लोराईडचा. १९३७ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातून भारतातल्या फ्लोरोसिसची पहिली नोंद झाली होती. दातांवर तपकिरी पट्टे, वय वाढेल तसे आखडलेले सांधे, वाकलेली हाडं. आपल्याकडे चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत आजही हापशीच्या पाण्यात फ्लोराईड आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचं.

नीरीनं शोधलेल्या उपायाला नलगोंडा तंत्र म्हणतात. काम नागपूरचं, नाव त्या वेळच्या आंध्रातल्या सर्वांत ग्रस्त जिल्ह्याचं. नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू यांचा त्यावरचा शोधनिबंध १९७५ मध्ये आला. कृती अशी: चाळीसेक लिटरची प्लास्टिकची बादली, तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर तोटी. पाण्यात आधी चुना आणि ब्लीचिंग पावडर, मग तुरटीचं द्रावण. चुना तुरटीच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढा. मिनिटभर जोरात ढवळायचं, दहा मिनिटं हळू, मग तासभर हात लावायचा नाही. तोटीतून वरचं पाणी काढायचं, तळाचा गाळ तळाशी राहतो. तोटी वर बसवण्यामागे एवढंच कारण आहे, आणि ज्यांनी बादली ओतून पाणी घ्यायचा प्रयत्न केला आहे त्यांना ते लगेच कळतं.

कालिमांतानच्या घरांसाठी सुचवलेली कृती याच्या शेजारी ठेवून पाहिली तर भांडी तीच, साहित्य तेच. फरक प्रमाणात. फ्लोराईडच्या पाण्याला क्षारता मुळातच भरपूर, म्हणून चुना नावापुरता पुरतो. दलदलीच्या पाण्याला चुना जास्त. शिवाय ह्युमिक पुंजके हलके असतात, कापसासारखे लोंबकळत राहतात, म्हणून तिकडे जवळपासची चिकणमाती वजनाला टाकायचेही प्रयोग झाले आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचा फरक ब्लीचिंग पावडरच्या पाळीचा.

नलगोंडा तंत्रात ब्लीचिंग सुरुवातीलाच पडते आणि त्यात बिघडत नाही, कारण खोल बोअरच्या पाण्यात झाडपाला नसतो. तांबूस पाण्यात तसं केलं तर क्लोरीन जंतूंआधी ह्युमिक रेणूंवर तुटून पडतो. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातल्या योहानेस रूक या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की या झटापटीतून क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात, आणि वर्षानुवर्षं ती पोटात जाणं कर्करोगाच्या दृष्टीनं बरं नाही. पीटचा देश असलेल्या आयर्लंडला हे प्रकरण अजून भोवतं आहे. जानेवारी २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की कित्येक ठिकाणी पाण्यातलं ट्रायहॅलोमिथेन मर्यादेत ठेवण्यात आयर्लंड कमी पडला. इतका श्रीमंत देश, इतकी यंत्रणा, तरी.

म्हणून क्लोरीन टाकायचाच नाही असा अर्थ कुणी काढला तर तो जिवावर बेतेल. अतिसार आठवड्यात मारतो, ट्रायहॅलोमिथेनला दशकं लागतात. क्रम तेवढा बदलायचा: आधी तुरटीनं रंग काढायचा, पाणी निवळलं की शेवटी ब्लीचिंग. आपल्याकडच्या बऱ्याच जलशुद्धीकरण केंद्रांत कच्च्या पाण्यातच क्लोरीन सोडायची रूढी आहे. शेवाळ मरतं, टाक्या स्वच्छ राहतात, कर्मचाऱ्यांना सोयीचं पडतं. नागपूरचं पाणी पेंचच्या जंगलातल्या तोतलाडोहातून नवेगाव खैरीमार्गे गोरेवाड्याला येतं. सागाच्या जंगलातून पहिला पाऊस काय काय धुऊन आणत असेल याची कल्पना सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून पाहणाऱ्याला येईल, हात लालभडक होतो. कालिमांतानच्या मानानं हे प्रमाण किरकोळ, पण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात क्लोरीन कुठल्या टप्प्यावर पडतो हा प्रश्न नगरसेवकानं विचारण्यासारखा आहे.

तांबूस दिसणारं प्रत्येक पाणी दलदलीचं नसतं, हेही इथेच सांगून टाकतो. गडचिरोली-भंडाऱ्याकडे काही हापशांचं पाणी गुंडात घेताना स्वच्छ असतं आणि तासाभरानं लालसर होतं, तळाला गंजासारखा थर बसतो. ते लोह. अशा पाण्याचा चहा काळा पडतो. त्यावर उपाय हवा देणं आणि वाळूतून गाळणं, तुरटी नाही. उपसतानाच तांबूस असलेलं आणि ठेवल्यावरही आरपार राहणारं पाणी झाडपाल्याचं. उपसतानाच गढूळ आणि मागचं काही न दिसणारं ते मातीचं. तीन रोगांवर एकच फिल्टर विकणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

असा विक्रेता नागपूरच्या बहुतेक वसाहतींत येऊन गेलेला आहे. त्याच्या पेटीत दोन जोड्या सळया असलेलं एक उपकरण असतं. एक ग्लास तुमच्या नळाचं पाणी, एक त्याच्या आरओचं. “वहिनी, पहा आता हं.” बटण दाबलं की मिनिटाभरात नळाच्या पाण्याचा ग्लास तपकिरी-हिरवट होतो, वर मळकट फेस येतो. आरओचा ग्लास जसाच्या तसा. “हे पाजता तुम्ही लेकरांना?” वहिनी हादरतात, हप्ता बांधला जातो. प्रत्यक्षात ती घाण पाण्यात नव्हती. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची सळई झिजते आणि तिचाच गंज ग्लासात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीजच वाहत नाही. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि पुन्हा बटण दाबा. तोही तपकिरी होतो आणि विक्रेत्याला दुसरी अपॉइंटमेंट आठवते.

गंमत अशी की या फसवणुकीमागचं तंत्र शंभर टक्के अस्सल आहे. धातूची सळई विजेनं पाण्यात विरघळवायची आणि तिच्या गठ्ठ्यात नको ते पकडायचं, याला इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणतात. लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या की तुरटी विकत न आणता तुरटीचं काम होतं, आणि तुरटीबरोबर येणारा सल्फेटचा बोजा टळतो. नीरीनं याच तत्त्वावर सौरऊर्जेवर चालणारी फ्लोराईड काढायची संयंत्रं केली आणि चंद्रपूर जिल्ह्यातही बसवली. दलदलीच्या पाण्यावरही याचे प्रयोग इंडोनेशियात झाले आहेत. म्हणजे विक्रेता ज्याला घाण म्हणून दाखवतो, तेच जरा थांबून गाळून घेतलं तर पाणी शुद्ध करायचं साधन आहे. त्याला ते माहीत नसतं, त्याच्या मॅनेजरलाही नसावं.

आरओबद्दल एवढंच, की तो दलदलीच्या पाण्यावर थेट लावला तर पडदा ह्युमिकनं चोंदतो आणि महाग पडतो. आधी तुरटीची पायरी लागतेच. आणि ज्या पाण्यात क्षार पाचशे मिलिग्रॅमच्या आत आहेत तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं. त्या वर्षी जुलैत तोतलाडोह आटल्यामुळे नागपुरात दिवसाआड पाणी सुरू झालं, आणि तेव्हाही शहरभर आरओच्या नळ्यांतून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जात होतं.

आता मूळ मुद्दा. घरच्या बादलीत पाणी शुद्ध होतं, यात शंका नाही. ते रोज होतं का? चाळीस लिटरची बादली भरायची, मात्रा मोजायची, अकरा-बारा मिनिटं ढवळत उभं राहायचं, तासभर वाट बघायची, गाळ काढायचा, बादली घासायची. हे कुणी करायचं याची कुठल्याही शोधनिबंधात नोंद नसते, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे पाचला उठून स्वयंपाक उरकणाऱ्या बाईच्या दिवसात आणखी दीड तास कुठून आणायचा? जिथे सरकारनं किंवा संस्थेनं बादल्या वाटल्या, तिथे पाहणी होईपर्यंत त्या पाण्याच्या, आणि नंतर ज्वारीच्या, असा अनुभव पाण्यावर काम करणारे सगळेच खासगीत सांगतात. मात्रा चुकली तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरतं, चव तुरट लागते, आणि मग घरातला पुरुषच म्हणतो की जुनंच पाणी बरं होतं. शिवाय फ्लोराईडचा गाळ विहिरीच्या पाळीजवळ ओतला तर पुढच्या पावसात तो परत विहिरीत. दलदलीच्या गाळाचा एवढा धोका नाही. पण रोज तपकिरी राबडी टाकायला प्रत्येकाच्या दारात जागा असतेच असंही नाही.

खुद्द नलगोंड्यात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथली सुटका बादलीनं झाली नाही, कृष्णेच्या पाण्यानं झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या मिशन भगीरथखाली नदीचं पाणी शुद्ध करून नळानं गावोगाव नेलं गेलं. ज्या जिल्ह्याच्या नावावर घरगुती शुद्धीकरणाचं जगातलं सर्वांत गाजलेलं तंत्र आहे, त्यानं घरात शुद्धीकरण करणं सोडून दिलं आणि ते बरंच केलं. माझं मत सरळ आहे: घरातली प्रक्रिया ही यंत्रणा हरली तिथली सोय आहे. तिला योजना म्हणून मिरवू नये.

कालिमांतानला नदीचं स्वच्छ पाणी नळानं आणा म्हणणं सोपं, पण तिथल्या कित्येक नद्याच तांबूस आहेत. तिथे दोन मार्ग जास्त शहाणे. पहिला म्हणजे पाऊस. तिथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि बराचसा वर्षभर विखुरलेला. तीस चौरस मीटरच्या पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे तीस लिटर. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्याला रोज पस्तीस लिटर धरा. चार आठवडे ऊन पडलं तरी हजार लिटरची एक टाकी निभावून नेते. नागपूरचा पाऊस याच्या निम्म्याहून कमी आणि तोही चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांना त्याच घराला आठ-साडेआठ हजार लिटरची साठवण लागेल. म्हणून आपल्याकडे छपराचं पाणी विहिरीत जिरवतात आणि तिकडे ड्रममध्ये भरतात. दोन्ही बरोबर आहे. पण तिथेही एल निन्योच्या वर्षी दोन-तीन महिने पाऊस दडी मारतो आणि नेमकं तेव्हाच वाळलेलं पीट पेटतं. नव्वदच्या दशकात दहा लाख हेक्टरवर भात पिकवायच्या सरकारी हट्टापायी कालव्यांनी ते कोरडं करून ठेवलेलं आहे. धुराच्या त्या दिवसांत छपरावर पावसाऐवजी राख पडते.

दुसरा मार्ग गावाचा. इंडोनेशियाच्या तेव्हाच्या लिपी या सरकारी विज्ञान संस्थेनं मिनिटाला साठ लिटर पाणी देणारं छोटं संयंत्र खास दलदलीच्या पाण्यासाठी तयार केलं. चुना, तुरटी, निवळण, गाळण, शेवटी क्लोरीन, सगळं एका जागी. मात्रा एक माणूस मोजतो, पगारी. पन्नास घरांतल्या पन्नास बायकांनी पन्नास वेळा ढवळण्याऐवजी एक मोटर ढवळते. जुन्या विलायतेतही शहाणपण असंच उशिरा आलं. १८८०च्या दशकात शेफील्डमध्ये टेकड्यांवरचं पीटचं आंबट पाणी शिशाच्या नळांतून घरोघर गेलं, नळ झिजले आणि लोकांना शिशाची विषबाधा झाली. उपाय म्हणून कुणी घरोघर पुड्या वाटल्या नाहीत. पाण्याचा आंबटपणा शहरात शिरण्याआधीच मारायचा, ही व्यवस्था पाणीपुरवठ्यानं अंगावर घेतली.

तोवर ज्यांच्यापुढे आज संध्याकाळच्या पाण्याचा प्रश्न आहे, त्यांना बादली लागणारच, आणि विदर्भातल्या फ्लोराईडच्या गावांना तर उद्याही लागणार. जलजीवन मिशनखाली गावागावांत पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण दिलं जातं. त्या पेटीत पीएच, क्षारता, लोह, फ्लोराईड अशा बाटल्या असतात. थेंब टाकायचे, रंग पट्टीशी जुळवायचा, आकडा वहीत लिहायचा. ही कामं त्या बाया चोख करतात. नलगोंडा तंत्रासाठीच्या नीरीच्या जुन्या तक्त्यात उभ्या रकान्यात फ्लोराईड आहे, आडव्या ओळीत क्षारता, आणि दोघांच्या छेदावर लिटरमागे किती मिलिग्रॅम तुरटी लागेल तो आकडा. पेटीतून निघणारे दोन आकडे आणि तक्त्याला लागणारे दोन आकडे तेच आहेत. तक्ता मराठीत छापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायला रुपया-दोन रुपये खर्च येईल, आणि त्याच्या शेजारी तांबूस पाण्यासाठी बरण्यांच्या चाचणीच्या चार ओळीही सहज मावतील.